फुकट बसवलेला हात

आईचा उजवा हात मोडला तेव्हा तो आम्ही फुकटात बसवून घेतला. आमच्या हातून एवढी एकच चूक झाली, असं मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत होतो. ऐकणारे मान डोलवायचे. खरं तर चुका दोन झाल्या होत्या आणि दुसरी माझी होती. पण ती कबूल करायला मला फार वेळ लागला.

शहाऐंशीचा उन्हाळा असावा. नरडाणा स्टेशनापासून आमचं गाव पायी तासाभरावर. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांची थोडी शेती होती, आणि मी शिंदखेड्याला पंचायत समितीच्या कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. लग्न व्हायचं होतं. घरात आम्ही तिघंच. नोकरी नवी असल्यामुळे मला कागदाचं भारी वेड होतं. आवक-जावक, शिक्का, सही, जोडपत्र. ज्या गोष्टीला कागद नाही ती गोष्ट घडलीच नाही, असं साहेब म्हणायचे आणि मला ते फार शहाणपणाचं वाटायचं.

आईला आसपासच्या दहा-बारा गावांत लोक ओळखत ते मांड्यांमुळे. आमच्या खानदेशात लग्नाच्या पंगतीला मांडे लागतात. पुरणाचा गोळा कणकेत भरायचा, तो दोन्ही हातांवर झेलत, मनगटावरून कोपरापर्यंत फिरवत फिरवत एवढा मोठा करायचा की त्यातून पलीकडचं माणूस दिसावं, आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद सोडायचा. सोडताना सुरकुती पडली की बायका हसतात. आईच्या मांड्याला कधी सुरकुती पडली नाही. लग्नघरची माणसं आठवडाभर आधी येऊन कुंकू लावून तिला बोलावून जायची. या कामाचे पैसे कुणी देत नसे आणि देऊ केले असते तर तिला राग आला असता. खण-नारळ, ओटी, आणि पंगत उठल्यावर एखाद्या म्हाताऱ्याने मांडवातून विचारलेलं, ‘मांडा कोना हातना शे?’, कुणाच्या हातचा आहे, एवढ्यावर ती पुढच्या लग्नापर्यंत खूश असायची.

तशाच एका लग्नासाठी ती निघाली होती. मुलगा आमच्या भावकीतला, मुलगी पाचोऱ्याची. वऱ्हाडासाठी एक खासगी बस ठरवली होती. मी रजा मिळाली नाही म्हणून गेलो नाही. एरंडोलच्या अलीकडे ड्रायव्हरने रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकला मागून बस धडकवली. सकाळची वेळ होती, रस्ता सरळ होता, धुकं नव्हतं, पाऊस नव्हता. तो डुलकी खात होता हे पुढे त्यानेच पोलिसांना सांगितलं. कुणी मेलं नाही. बरेच जण खरचटले. आई पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर उजव्या कोपराने आदळली.

जळगावला सरकारी दवाखान्यात नेलं; निरोप मिळताच मी आणि आबा तिथे पोचलो. हाताचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, कोपरात हाडाचे तुकडे झालेत, शस्त्रक्रिया करावी लागेल, आत तार घालावी लागेल, तीन आठवडे राहा. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, हे मला इथे मुद्दाम लिहिलं पाहिजे. त्यांचं काही चुकलं नाही. कच्चं प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून आई पलंगावर बसली होती आणि आबा कोपऱ्यात उभे राहून मला म्हणाले, “तार घालतीन, मंग पू व्हई, मंग हात कापी टाकतीन. चाल घर.”

आबांच्या एका मित्राचा हात असाच गेला होता. त्यांच्या डोक्यातून ते निघेना. मी शिकलेला होतो, सरकारी नोकर होतो. मी ‘थांबा’ म्हणायला हवं होतं. पण आबांपुढे बोलायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही तीन आठवडे रजा कोण देणार ही काळजी होतीच. ‘स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जात आहे’ या कागदावर मी सही केली. अक्षर सुंदर होतं माझं.

तापीकाठच्या एका गावात हाडं बसवणारा एक म्हातारा होता. बैलाचा पाय असो की माणसाचा, त्याच्याकडे रांग लागायची. त्याने प्लास्टर कापून काढलं, कोपराला तेल लावलं, बोटांनी चाचपलं आणि आबांना आईचे खांदे धरायला सांगून एक हिसका दिला. आईने ओठ चावला. त्यातून रक्त आलं, पण ती ओरडली नाही. बाहेर पुरुषमाणसं बसली होती ना. मग बांबूच्या कांबी, वर लेप, वर धडपं. दर आठवड्याला बैलगाडीने न्यायचं, सोडायचं, चोळायचं, पुन्हा बांधायचं. असं तीन महिने चाललं. त्या चोळण्यापुढे पहिला हिसका काहीच नव्हता. मी दोनदा बरोबर गेलो आणि दोन्ही वेळा चुना-तंबाखूच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभा राहिलो.

म्हाताऱ्याने एक पैसा घेतला नाही. तो कुणाकडूनच घेत नसे. तिसऱ्या महिन्यानंतर आबांनी त्याला नारळ आणि टॉवेल-टोपी दिली, ती त्याने कपाळाला लावली. सगळे म्हणाले, केवढा देवमाणूस! हात मात्र वाकडा बसला. कोपर अर्ध्यावर अडकलं ते अडकलंच. पुरतं सरळ होईना, पुरतं दुमडेना, आणि तळवा उताणा होईना. दान घ्यायला पुढे करतो तसा हात आईला पुन्हा कधी करता आला नाही. मांडे तर उताण्या हातावरच होतात.

त्याच बसमध्ये आमचे एक नाना होते. नातं लांबचं, पण माणूस मोठा. जळगावात डाळमिल होती. त्यांच्या कपाळाला तीन टाके पडले होते आणि मान आखडली होती. ते चार महिन्यांनी घरी आले तेव्हा मानेला पट्टा होता. आल्या आल्या आबांना म्हणाले, “आबा, दावा लावला का? नाही? अहो, विमा कंपनी देते. माझे वकील आहेत, त्यांनाच भेटा.” आईने डाव्या हाताने त्यांना पाणी दिलं. ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

असा मी जळगावला वकिलांच्या कचेरीत गेलो. वकील वाईट नव्हते. चष्मा कपाळावर सारून त्यांनी मला समोर बसवलं आणि पहिलाच शब्द उच्चारला, “बिलं?”

मी फोटोची पावती आणि प्लास्टरच्या वेळी बाहेरून आणलेल्या औषधांचं एक बिल पुढे ठेवलं.

“बाकीची?”

“बाकी नाहीत.”

“तीन महिने उपचार केलेत म्हणता ना?”

मी हाडवैद्याची गोष्ट सांगितली. वकिलांनी चष्मा खाली ओढला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग त्यांनी मला जे समजावलं ते मी वहीत लिहून घेतलं होतं. दाव्यात निरनिराळे रकाने असतात. औषधपाण्याचा खर्च, बुडालेली कमाई, अपंगत्व. आणि एक रकाना असतो ‘वेदना व यातना’. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, सरकारदरबारी दुखण्यालाही रकाना आहे. मी विचारलं, “त्या रकान्यात काय जोडायचं?”

“त्याला वेगळं काही जोडता येत नाही हो. ते बिलांवरूनच धरतात. दुखणं कोर्टाला दिसत नाही, बिल दिसतं. जास्त दिवस दवाखाना, जास्त बिल, म्हणजे जास्त दुखलं. कमी बिल, कमी दुखलं. लेखी नियम नाही तसा कुठे, पण चालतं असंच.” मग म्हणाले, “तुमच्या नानांनी बघा, तीन आठवडे खासगी दवाखान्यात स्वतंत्र खोली घेतली. मीच सांगितलं होतं, घाई करू नका.”

तीन टाक्यांसाठी तीन आठवडे. आणि आमच्या आईचं कोपर तीन महिने चोळून चोळून बसवलं, ते शून्य. मला त्या क्षणी नानांचा राग आला नाही, वकिलांचाही आला नाही. हाडवैद्याचा आला. घेतले असते वीस-पंचवीस रुपये तर काय बिघडलं असतं त्याचं! देवमाणूस!

“व्यवसाय काय लिहू?” वकिलांनी विचारलं.

“घरकाम,” मी म्हणालो.

हा शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज गेला की आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मग आठवून मांड्यांचं सांगितलं. वकिलांनी आशेने वर बघितलं. “किती मिळायचे एका लग्नाचे?” मी म्हटलं, खण-नारळ. ते हसले नाहीत. पण त्यांनी लिहिलंही नाही.

पुढच्या रविवारी मी सायकलवर टांग मारली आणि म्हाताऱ्याच्या गावी गेलो. तो ओट्यावर कांबी तासत बसला होता. मी कोरा कागद काढला आणि म्हणालो की बाबा, तुम्ही तीन महिने इलाज केलात, त्याची पावती द्या. रक्कम मी लिहितो, तुम्ही फक्त अंगठा करा. कुणाचं नुकसान नाही, विमा कंपनीचे पैसे आहेत.

त्याने तासणी खाली ठेवली. “गुरूनी सांगेल शे. पैसा लिधा का हातना गुण जास.”

“घेऊ नका हो. नुसतं लिहायचं आहे.”

“मी तुनी मायना हात बसाडा भाऊ, इका नही,” तो म्हणाला. बसवला, विकला नाही. मग माझं पडलेलं तोंड बघून त्याला दया आली असावी. म्हणाला, “आंगठा देसू. पन आकडा लिखू नको.”

मी लिहिलं: अमुक बाईंच्या उजव्या कोपरावर तीन महिने इलाज केला, पैसे घेतले नाहीत. त्याने समाधानाने अंगठा उठवला. परत येताना वाटेत एका बाभळीखाली थांबून मी तो कागद पुन्हा वाचला. शेवटच्या तीन शब्दांच्या जागी एक आकडा बसला असता. कचेरीत असले बदल कसे करतात हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. केला नाही. प्रामाणिकपणा म्हणून केला नाही असं म्हणायला मला आवडेल, पण नोकरी जाईल म्हणून घाबरलो.

वकिलांनी कागद वाचला आणि परत दिला. “हा आपला पुरावा नाही, त्यांचा आहे. फुकट बरं झालं असं लिहून आणलंत तुम्ही.”

दोन वर्षं तारखा पडत होत्या. नरडाण्याहून पॅसेंजरने जळगाव, स्टेशनवरून पायी कोर्ट, दुपारपर्यंत बाकावर, मग पुढची तारीख. मी या काळात जेवढं धावलो तेवढं आयुष्यात कशासाठी धावलो नाही. सिव्हिल सर्जनचा अपंगत्वाचा दाखला आणला. पोलिसांचा पंचनामा आणला. ज्या लग्नांत आई मांडे करायला गेली होती त्या घरी जाऊन लेखी मागितलं, तर ती माणसं बुचकळ्यात पडली. एक जण म्हणाला, “भाऊ, तुमच्या आईंना आम्ही मजुरीला बोलावलं असं लिहून देऊ? काहीतरीच काय!” मी घरी आलो की पिशवीतले कागद काढून पाटावर लावायचो, मोजायचो, दोरीने बांधायचो. आई चुलीपाशी डाव्या हाताने भाकरी थापायची. भाकरी एका बाजूला जाड व्हायची. आबा ती बाजू मोडून कालवणात टाकायचे.

साक्षीचा दिवस आला. वकिलांनी आईला बजावलं होतं की हात झाकू नका, साहेबांना दिसू द्या, आणि त्रास होतो तो सगळा सांगा. मीही गाडीत तेच चार वेळा घोकून घेतलं. आई नवं पातळ नेसली होती. साक्षीच्या पिंजऱ्यात चढली आणि सगळ्यात आधी तिने वाकडा हात पदराखाली घेतला. भरलेल्या कोर्टात आपलं व्यंग दाखवायचं तिच्याने होईना. आमचे वकील खुणा करत राहिले. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती.

विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपास घेतला. तरुण होते, हुशार होते.

“दवाखान्यातून गेल्यावर इंजेक्शनं किती घेतलीत?”

“एकबी नही.”

“गोळ्या?”

“नही.”

“दवाखान्यात किती दिवस होतात?”

“एक दिन.”

“म्हणजे फारसं दुखत नसणार,” ते हसून म्हणाले आणि खाली बसले.

न्यायाधीश वयस्क होते, पांढरे केस, बोलणं मऊ. त्यांना ते हसणं आवडलं नसावं. ते टेबलावर पुढे वाकले, आईकडे बघितलं आणि अगदी घरच्यासारखं विचारलं, “बाई, आता हात दुखतो का?”

एवढं सोपं! समोरून चालत आलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

आईने डाव्या हाताने पदर सारखा केला. तिच्या तोंडावर हसू आलं. “आते बरं शे, सायेब,” ती म्हणाली. “तुमनी किरपा शे. बठ्ठं बरं शे.” सगळं बरं आहे.

ज्याला आमची माणसं ठाऊक नाहीत त्याला वाटेल की बाई वेडी होती. वेडी नव्हती. आमच्याकडे कुणी विचारपूस केली की ‘बरं शे’ म्हणायचं असतं. तापाने फणफणलेला माणूस दारावर आलेल्या पाहुण्याला ‘बरं शे’ म्हणतो. नवरा जाऊन दहा दिवस झालेली बाई भेटायला आलेल्यांना ‘बरं शे’ म्हणते. मोठ्या माणसाने आपुलकीने विचारलं आणि आपण आपलं रडगाणं सुरू केलं, तर ते त्याला ओशाळं करणं होतं. ही शिकवण आईला तिच्या आईने दिली होती आणि तिने मला दिली होती. जळगावच्या कोर्टात ती तिने इमानाने पाळली.

साहेबांनी बाजूला बसलेल्या टायपिस्टला इंग्रजीत एक ओळ सांगितली. टाइपरायटर खडखडला. आमचे वकील उठून म्हणाले की साक्षीदार अशिक्षित आहे, घाबरलेली आहे. पण ती घाबरलेली कुठे दिसत होती? ती तर हसत होती. ओळ कागदावर गेली होती, आणि कागदावर गेलेलं पुसत नाही हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

निकाल लागला तो तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला. नानांचाही त्याच दिवशी. आईचा फोटो आणि औषध मिळून जे दोन कागद होते तेवढे पूर्ण मंजूर झाले. अपंगत्वाचे थोडे. आणि वेदना व यातनांच्या रकान्यात, उपचाराचा अल्प कालावधी आणि साक्षीदाराचं स्वतःचं म्हणणं लक्षात घेता, एवढी रक्कम की वकिलांनी ती वाचताना आवाज खाली आणला. त्या रकान्यात नानांना मिळालं ते आईच्या वीसपट होतं. नानांच्या मानेचा पट्टा केव्हाच निघाला होता. त्यांनी कोर्टासमोरच्या टपरीवर सगळ्यांना चहा सांगितला, मनापासून सांगितला, आणि आईला म्हणाले, “वहिनी, तुमचे किती आले?”

मी चहा घेतला नाही. आईने घेतला, डाव्या हाताने, बशीत ओतून देण्याची वाट बघत. नानांच्याच ड्रायव्हरने ओतून दिला.

आईला घेऊन मी स्टेशनकडे निघालो. सोन्याच्या दुकानांवरून गेलो, रिक्षावाल्यांच्या हाका चुकवत गेलो, आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर तिला बसवून मग मी फुटलो. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तीन वर्षं मी तुझ्यासाठी जोडे झिजवले, म्हणालो. माझ्या सगळ्या रजा गेल्या. त्या म्हाताऱ्याच्या पाया पडलो, लोकांच्या दारोदार फिरलो, आणि तू एका शब्दात सगळ्यावर पाणी ओतलंस. ‘बरं शे’ म्हणे! काय बरं होतं? कुणासाठी बरं होतं? शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली होती. मी आवाज खाली आणला नाही.

आई ऐकत होती. माझं संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, “त्या सायेबनी इचारं, भाऊ. इतलं गोड इचारं. मंग मी काय सांगाले पाहिजे व्हतं?”

“दुखतं म्हणून सांगायचं होतं!”

“तीन वरीसमा कोनी इचारं नही,” ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. मोजून बघितल्यासारखं ती बोलत होती. “तुना आबानी नही. वकीलनी नही. तू इचारे, पावती कोठे शे. कागद कोठे शे. पयलांदाव त्या सायेबनी इचारं. माले इतलं बरं वाटनं, मी बरं शे म्हनी दिधं.”

दाव्याच्या अर्जात ‘असह्य वेदना’ असे शब्द होते. मसुदा वकिलांचा, अक्षर माझं. ते लिहिताना आई माझ्यापासून चार हातांवर बसून डाळ निवडत होती. मान वळवून तिला विचारायला काही लागलं नसतं.

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. तो गेला आणि त्याच्या जागी जे आलं त्याला मी आजवर नाव देऊ शकलेलो नाही. मी तिच्या शेजारी बसलो आणि तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणालो, “माय, मंग आते माले सांग. कसं दुखस?”

तिने आधी नेहमीचंच उत्तर देऊन बघितलं. मी हललो नाही. मग ती हळूहळू बोलायला लागली. थंडीत कोपराच्या आत कुणीतरी सुई फिरवतं. उजव्या कुशीवर झोपता येत नाही. कळशी डाव्या कमरेवर घेऊन घेऊन आता डावा खांदाही धरतो. चोळीची गाठ मारता येत नाही म्हणून तिने बटणं लावून घेतली होती, ती एका हाताने लावायला किती वेळ लागतो ते सांगितलं. म्हाताऱ्याच्या त्या पहिल्या हिसक्याच्या वेळी डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं होतं, ते सांगितलं. हे सगळं तिने सरळ सांगितलं. अडखळली ती मांड्यांपाशी. लग्नाला आता बोलावतात, पण खुर्चीवर बसवतात. बायका लांब चुलीपाशी मांडे करतात, त्यांच्या हातून सुरकुत्या पडतात, आणि तिला ते तिथून दिसतं. “तठे जास्त दुखस,” ती म्हणाली.

आमची पॅसेंजर लागली होती. तिच्या कपाळावर केसांची एक बट आली होती. तिने ती डाव्या हाताने कानामागे सारली आणि म्हणाली, “आज आक्कानी घाईमा बांधात.”

“काय बांधलं?”

“केस,” ती म्हणाली. मागे वळवायला उजवा हात डोक्यापर्यंत पोचतच नव्हता. शेजारच्या अक्का रोज सकाळी येऊन तिची वेणी घालून अंबाडा बांधून देत. आबा शेतात गेले आणि मी कचेरीला निघालो की मग येत, आम्हाला दिसू नये म्हणून. सुट्टीच्या नि तारखेच्या दिवशी, आजच्यासारख्या, मी अंघोळीला गेलो की तेवढ्यात घाईघाईत. एक दिवस चुकला नव्हता. तीन वर्षं रोज. आणि मला ते जळगाव स्टेशनच्या बाकावर बसून कळत होतं. आम्ही एकाच घरात राहत होतो.